पायाखाली ओव्याचा वास

गेल्या जूनमध्ये आई आमच्याकडे आली. मागच्या दारातून फरशीच्या वाटेवर दोन पावलं टाकली आणि थबकून म्हणाली, "इथे ओवा कुणी सांडला गं?"

सांडलेलं काहीच नव्हतं. तिच्या चपलेखाली आला होता फरशांच्या फटींतून पसरलेला थाईम. इंग्लंडच्या मिडलंड्समधलं आमचं हे छोटंसं अंगण, ओव्याचं रोप इथे कधी लागलेलं नाही. तरी आईचं नाक चुकलं नव्हतं. ओव्याला आणि थाईमला येणारा वास बऱ्याच अंशी एकाच द्रव्याचा असतो, त्याचं नाव थायमॉल. आपल्याकडे त्यालाच ओव्याचं फूल म्हणतात. कापूर, पेपरमिंट आणि ओव्याचं फूल एका बाटलीत घालून ठेवलं की तिन्ही कोरडे खडे आपोआप विरघळून पातळ होतात. तीच घराघरांतली अमृतधारा.

वास एक असला तरी कुळं वेगळी आहेत. ओवा कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातला आणि थाईम तुळस, पुदिना, सब्जा यांच्या. ज्याच्या जाड पानांची आपण भजी तळतो तो पानओवाही तुळशीच्याच कुळातला, म्हणजे थाईमचा खरा भाऊबंद तो. पण तुळशीची सवय असलेल्या हातांनी थाईम सांभाळायला गेलं की तो मरतो. सकाळी उठून पाणी, महिन्याला मूठभर शेणखत, सुकलं की आणखी पाणी, ही आपली झाडावर माया करण्याची रीत. सरपटत्या थाईमला ती सोसत नाही. त्याची निगा राखणं म्हणजे बरंचसं हात आवरणं आहे, आणि हात कुठे आवरायचा हे कळण्यासाठी तो मुळात कसा जगतो ते पाहायला हवं.

शास्त्रीय नाव थायमस सर्पिलम. लिनियसने 1753 मध्ये ते नोंदवलं. त्यातलं 'सर्पिलम' आणि आपला 'सर्प' हे दोन्ही शब्द सरपटण्याच्या एकाच जुन्या धातूतून आलेले आहेत, त्यामुळे 'सरपटता थाईम' हे नाव मराठीत अगदी सहज बसतं. तो दिसतो गवतासारखा किंवा शेवाळाच्या चटईसारखा, पण आहे झुडूप. खोड लाकडीच, फक्त सुतळीएवढं बारीक आणि जमिनीला चिकटून धावणारं. उंची पाच-सात सेंटिमीटर, पसारा मात्र तीसपासून पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत. खोडाचं पेर जिथे मातीला टेकतं तिथे त्याला नवी मुळं फुटतात. पानं तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे तेलाचे फुगे असतात. पाय पडला, बोटांनी चुरडलं की ते फुटतात आणि वास सुटतो. उन्हाच्या दिवसात तो नुसतं जवळ उभं राहिलं तरी येतो.

झुडूप आहे ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. गवताचा वाढीचा कोंब अगदी बुडाशी असतो, म्हणून वरून कितीही कापलं तरी ते परत येतं. थाईमची वाढ फांदीच्या शेंड्याकडून आणि पानं असलेल्या भागातून होते. उघडं पडलेलं जुनं लाकूड क्वचितच पुन्हा फुटतं. त्यामुळे गवताचं यंत्र त्याच्यावरून फिरवायचं नाही आणि छाटताना हिरवं संपेपर्यंत खाली जायचं नाही.

ब्रिटनमध्ये खरा थायमस सर्पिलम रानात सापडतो तो पूर्वेकडच्या ब्रेकलँड नावाच्या वालुकामय, कोरड्या मुलखात. बाकी देशभर त्याची सख्खी भावंडं आहेत, चुनखडीच्या टेकड्यांवर, समुद्राकाठच्या कड्यांवर, मेंढ्यांनी कुरतडलेल्या कुरणांत. या सगळ्या जागांची माती पातळ आणि भुकेली. थाईमला गरीब माती आवडते असं लिहिलेलं असतं, पण ते अर्धंच खरं आहे. गरीब मातीत गवत त्याच्या डोक्यावर चढत नाही, हे त्याचं सुख. पाच सेंटिमीटर उंचीच्या झाडाला शेजारचं गवत वीतभर वाढलं की ऊन बंद. सुपीक मातीत दुसरीही अडचण होते. थाईम लुसलुशीत, लांब पेरांचा वाढतो, आणि असा कोवळा वाढलेला थाईम हिवाळ्याच्या ओलीत सडतो.

जुन्या कुरणांत आणखी एक दृश्य दिसतं. पिवळ्या मुंग्या तिथे मातीचे उंचवटे करून राहतात आणि त्या उंचवट्यांच्या माथ्यावर नेमका थाईम असतो. माथा उंच, म्हणून पाणी ठरत नाही. चोहोबाजूंनी ऊन लागतं. शिवाय मुंग्या आतून सतत बारीक माती आणून वर टाकत राहतात. इतर झाडं तिच्याखाली गुदमरतात. थाईमची खोडं गाडली गेली की त्यांना नवी मुळं फुटतात आणि तो वर येतो. मुंग्यांचं हे काम लक्षात राहू द्या, माझ्या वाफ्यात ते पुन्हा येणार आहे.

मुंग्यांवरून लार्ज ब्लू फुलपाखराची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. निळ्या पंखांचं हे फुलपाखरू थाईमच्या कळ्यांवर अंडी घालतं. अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते, मग जमिनीवर टपकते. लाल मुंग्यांच्या एका विशिष्ट जातीला ती आपलीच अळी वाटते. कामकरी मुंगी तिला उचलून वारुळात नेते आणि तिथे ही पाहुणी जवळजवळ दहा महिने मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. ब्रिटनमधून हे फुलपाखरू 1979 मध्ये नाहीसं झालं. थाईम होता, मुंग्याही होत्या, तरी ते गेलं. जेरेमी थॉमस या अभ्यासकाने वर्षानुवर्षं कुरणांत बसून कारण शोधलं. 1950 च्या दशकात सशांमध्ये रोगाची साथ आली, ससे मेले, अनेक ठिकाणी मेंढ्याही चरायच्या थांबल्या, आणि गवत थोडं उंच झालं. थोडंच. पण तेवढ्या सावलीने जमीन गार पडली आणि उबेत राहणारी ती एक मुंगीची जात हटली, तिच्या जागी दुसरी आली. पुढे स्वीडनमधून आणलेली फुलपाखरं 1983 पासून सोडली गेली, चराई पुन्हा सुरू झाली आणि सॉमरसेटच्या काही टेकड्यांवर ती आज उडतात. माझ्या अंगणात ती येणार नाहीत, याची मला कल्पना आहे. पण बोटभर उंचीच्या गवताची सावली एवढं करू शकते, हे कळल्यापासून मी थाईममधलं तण कधी उद्यावर टाकत नाही.

माझा पहिला वाफा मेला, तो कसा ते सांगते. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची माती चिकण, ओली असताना साबणासारखी, सुकली की विटेसारखी. मी ती मनापासून खणली, कुजलेलं खत दोन पोती मिसळलं, बारा रोपं लावली आणि उन्हाळाभर रोज संध्याकाळी पाणी घातलं. ऑगस्टमध्ये ती हिरवीगार होती. फेब्रुवारीत हात लावला तर पानं काळी, खोड बुडाशी मऊ, आणि ओढताच रोप अलगद हातात आलं. थंडीने गेली असं मला वाटलं. तसं नव्हतं. हा थाईम उणे पंधरा अंशांच्याही खाली तग धरतो. त्याला मारलं ते पाण्याने. आमच्याकडे वर्षाचा पाऊस पुण्यापेक्षा जास्त नाही, पण तो बाराही महिने वाटून पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन इतकं मंद असतं की पडलेलं पाणी उडतच नाही. चिकणमातीत ते मुळांभोवती तसंच उभं राहतं, मुळांना हवा मिळत नाही, आणि मग बुरशी आपलं काम करते.

दुसऱ्या वेळी मी आधी जागा तपासली. एप्रिलमध्ये एक दिवस दर तासाला बाहेर जाऊन ऊन कुठे पडतं ते पाहिलं. सहा तास थेट ऊन ही किमान गरज आहे. त्याहून कमी असेल तर तिथे दुसरं काही लावावं, थाईमचा हट्ट धरू नये. मग हातभर खोल खड्डा खणून त्यात पाणी भरलं, मुरू दिलं, पुन्हा भरलं. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-चार तासांत उतरलं तर निचरा ठीक. माझ्या खड्ड्यात ते दुसऱ्या दिवशी सकाळीही होतं.

अशा जमिनीत थोडी वाळू मिसळण्याचा मोह होतो. तो टाळावा. चिकणमातीत थोडीशी बारीक वाळू म्हणजे विटेचाच मसाला. मिसळायची तर चार ते दहा मिलिमीटरची धुतलेली खडी, तीही भरपूर. त्याहून सोपं म्हणजे वर चढणं, मुंग्यांनी केलं तसं. मी वाफ्याला दगडांची कड घातली आणि जमिनीच्या वर पंधरा सेंटिमीटर जाडीचा थर दिला, निम्मी साधी बागेची माती, निम्मी खडी. खत अजिबात नाही. माती थोडी चुनखडीची असेल तर उत्तम, आम्लधर्मी असेल तर मूठ-दोन मूठ बागेचा चुना मिसळता येतो. त्याआधी बहुवर्षायू तणाची मुळं वेचून काढली. इथलं एक गवत अगदी आपल्या हरळीसारखं आहे, बोटभर तुकडा राहिला तरी परत येतं, आणि ते एकदा थाईमच्या चटईत शिरलं की थाईम उपटल्याशिवाय निघत नाही. या कामात घालवलेले दोन शनिवार पुढची पाच वर्षं वाचवतात.

रोपं लावायची ती एप्रिल-मेमध्ये, जमीन उबदार झाल्यावर. तीस सेंटिमीटरवर एक लावलं तर चौरस मीटरला अकरा रोपं लागतात आणि जमीन झाकायला दोन उन्हाळे जातात. वीस-बावीसवर लावलं तर वीस-पंचवीस रोपं लागतात, पण पहिल्याच वर्षी चटई बऱ्यापैकी जुळते. पैसे कमी असतील तर पातळ लावून वाट पाहावी, तेवढाच तणाशी झगडा जास्त. कुंडीतलं रोप आधी पाण्यात भिजवून घ्यायचं, मुळांचा गुंडा बोटांनी सोडवायचा, आणि रोप मातीच्या पातळीहून किंचित वर ठेवायचं. मग मानेभोवती खडीचा दोन सेंटिमीटरचा थर. हा थर शोभेचा नाही. पानं ओल्या मातीला टेकत नाहीत, पावसाचे शिंतोडे चिखल उडवत नाहीत आणि तणाचं बी रुजायला जागा उरत नाही.

पाण्याबद्दल माझा नियम असा. लावल्यापासून सहा-आठ आठवडे आठवड्यातून एकदा, खोलवर भिजेल असं. रोज शिंपडायचं नाही, त्याने मुळं वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यापासून जमिनीतल्या थाईमला मी पाणी घातलेलंच नाही, 2022 च्या जुलैत इंग्लंडात पारा चाळीस अंशांवर गेला तेव्हाही नाही. शेजारचं गवत पिवळंफटक पडलं होतं. थाईमची पानं थोडी आकसली, एवढंच.

फरशांच्या फटीत लावायचा असेल तर फट निदान तीन-चार सेंटिमीटर हवी. फटीतलं सिमेंट काढून खडीमिश्रित माती ठासायची आणि कुंडीतलं एक रोप फोडून त्याचे मुळं असलेले चार-पाच तुकडे बसवायचे. आख्खं रोप फटीत मावत नाही. दगड दिवसभर तापतो, त्याच्या खाली मुळांना गारवा मिळतो, त्यामुळे थाईमला ही जागा मोकळ्या वाफ्याहूनही मानवते. पाऊल पडावं ते मात्र मुख्यतः दगडावर. अधूनमधून थाईमवर पडलं तर चालतं. मुलं रोज चेंडू खेळतात तिथे तो टिकत नाही, आणि दव गोठून पानं पांढरी झालेली असतात त्या सकाळी तर त्याच्यावर अजिबात चालू नये. तुडवलेला भाग काळा पडतो.

केंट परगण्यातल्या सिसिंगहर्स्टच्या बागेत कवयित्री व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर थाईमचे दोन सपाट चौक केले. फुलांच्या दिवसात ते जांभळ्या गालिच्यासारखे दिसतात. ते तिथे आजही आहेत, पण दरम्यान पुन्हा पुन्हा लावावे लागले आहेत. थाईमचं हिरवळीचं अंगण ही एकदा करून विसरायची गोष्ट नाही, हे एवढ्या मोठ्या बागेलाही चुकलेलं नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन-तीन चौरस मीटरपेक्षा जास्त घेऊ नये असं माझं मत आहे.

जातींत फार अडकायला नको. गर्द किरमिजी फुलांचा 'कॉक्सिनियस', पांढरा 'अल्बस', फिकट गुलाबी 'पिंक चिंट्झ' हे तिन्ही जोमाने पसरतात. 'एल्फिन' फार हळू वाढतो, फटींसाठी छान. लोकरीसारख्या पानांचा एक थाईम मिळतो, दिसायला मोहक, पण त्याच्या केसांत पाणी अडकतं, म्हणून ओल्या हिवाळ्याच्या जागी मी तो लावणार नाही.

जून ते ऑगस्ट फुलं. मधमाश्या आणि भुंगे इतके येतात की वाफा गुणगुणतो. या दिवसात अनवाणी चालू नये, मुलांना तर आधीच सांगून ठेवावं. हातात भिंग असेल तर फुलं जवळून पाहा. काही रोपांची फुलं मोठी, त्यांत पुंकेसर बाहेर डोकावतात. काहींची लहान, त्यांत पुंकेसर खुरटलेले. म्हणजे काही रोपं उभयलिंगी आणि काही नुसती मादी. चार्ल्स डार्विनने हे बारकाईने पाहिलं होतं आणि मादी रोपांना बी जास्त धरतं हे मोजून 1877 च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. नर्सरीतली एका जातीची सगळी रोपं एकाच रोपाच्या काड्यांपासून केलेली असतात, त्यामुळे त्यांत हा फरक दिसत नाही. बियांपासून वाढवलेल्यांत दिसतो.

फुलं करपली की छाटणी. कात्रीने वरचा तिसरा भाग, खाली पानं राहतील एवढाच. छाटलं नाही तर खोडं लांबत जातात, पानं टोकालाच उरतात आणि मध्ये टक्कल पडतं. ऑगस्ट संपायच्या आत हे उरकावं, म्हणजे नवा फुटवा थंडीआधी कणखर होतो. मग शरदात शेजारच्या झाडांची पानं गळून थाईमवर बसतात, ती आठवड्याला एकदा हाताने वेचायची. ओल्या पानांखाली पंधरा दिवस दबलेला थाईम सडतो. बर्फाची मात्र चिंता नको.

रोग फारसे नाहीत. हिरव्या पाठीवर जांभळे पट्टे असलेला एक चमकदार भुंगेरा इथे रोझमेरी, लॅव्हेंडर आणि थाईमची पानं खातो. तो हाताने वेचून काढला की पुरे, फुलांवर मधमाश्या असताना औषध मारू नये.

महाराष्ट्रातल्या वाचकांना प्रामाणिकपणे सांगायचं तर कोकणात किंवा घाटमाथ्यावर थाईमची हिरवळ होणार नाही. चार महिने ओल आणि त्याच्या जोडीला उष्मा, हे दोन्ही एकत्र त्याला सहन होत नाहीत. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडे कुंडीत तो वाढवता येतो. पसरट, उथळ मातीची कुंडी, तळाला मोठं भोक, निम्मी खडी. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये लावावा, थंडीभर पूर्ण ऊन द्यावं, एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली, आणि जूनपासून कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराखाली वारा लागेल अशी. पावसाळ्यापूर्वी चार काड्या वेगळ्या लावून ठेवल्या तर मूळ रोप गेलं तरी वंश राहतो. जमीनच झाकायची असेल तर ओलसर जागेत आपली जलपिंपळी तिथल्या हवेत कितीतरी समाधानाने पसरेल. आणि कुणी पावसाळ्यात हिमाचल किंवा उत्तराखंडात ट्रेकला गेलं तर वाटेच्या कडेला, खडकांच्या मध्ये, बारीक जांभळ्या फुलांची चटई दिसते का पाहा. स्थानिक लोक तिला बनजवायन म्हणतात. तो हिमालयातला थाईम. त्यांनाही वास ओव्याचाच वाटला.

रोपं वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग खोडानेच दाखवलेला आहे. मे-जूनमध्ये चटईची कड उचलली की पेरांना मुळं फुटलेली दिसतात. तो तुकडा कापून दुसरीकडे लावायचा. न फुललेल्या शेंड्यांच्या पाच-सहा सेंटिमीटरच्या काड्या खालची पानं काढून खडीच्या मातीत खोचल्या तर त्याही तीन-चार आठवड्यांत मूळ धरतात. बी खसखशीहून बारीक असतं, ते मातीवर नुसतं भुरभुरवायचं, झाकायचं नाही, उगवायला त्याला उजेड लागतो.

माझा वाफा आता पाच वर्षांचा झाला. तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर मधला भाग लाकडी होऊन उघडा पडतो, हे छाटणी नीट करूनही होतंच. पूर्वी मी तो उपटून नवं रोप लावत असे. आता मार्चमध्ये बारीक माती आणि खडी निम्मी-निम्मी घेऊन त्या उघड्या खोडांवर मुठीमुठीने टाकते, शेंडे तेवढे बाहेर ठेवते आणि बोटांनी हलकेच बसवते. मुंग्या वारुळावर करतात तेच हे काम. जुलैपर्यंत गाडलेल्या पेरांना मुळं फुटतात, टक्कल भरून येतं. यंदा मधोमध परातीएवढी जागा उघडी पडली आहे. एक बादली माती चाळून कोरड्या जागी ठेवली आहे. पाऊस दोन दिवस थांबला की ती घालायची.